रविवारच्या फोननंतर

उरण, गुरुवार रात्र

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. मोबाइलवर लिहिलं असतं तर त्या दोन खुणा निळ्या झाल्या का, ते बघत रात्रभर बसले असते. म्हणून वही काढली. पाटलांची मोठी सून शनिवारी लंडनला निघते आहे, ती तिथून पोस्टात टाकील. या पत्रात दारूबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

आधी माझी चूक. अण्णामामाचं नाव मी घ्यायला नको होतं. तुझ्या मागे माणसांचा गलबला होता आणि तू हसत होतास. किती दिवसांनी असा हसताना दिसलास! पण ते हसू बघायचं सोडून माझी नजर गेली ती हातातल्या ग्लासावर. "अण्णाही असाच सुरू झाला होता," हे तोंडातून गेलं आणि तुझा चेहरा उतरला. "आई, तू अजून मला ओळखतच नाहीस," म्हणालास आणि बंद. बाबा शेजारीच होते. ते काही बोलले नाहीत, उठून टाकीचा पंप बंद करून आले. पंप चालूच नव्हता.

तू मागे म्हणाला होतास ते वाक्य मी चार दिवस मनात घोळवते आहे. "आई, इथे पब म्हणजे आपल्या गावचा पार." तिकडे स्कॉटलंडात, अबर्डीनला, डिसेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य बुडतो, हे तू सांगेपर्यंत मला खरंच वाटलं नव्हतं. रविवारी माझे साडेदहा म्हणजे तुझे संध्याकाळचे पाच, आणि खिडकीबाहेर मिट्ट काळोख. त्या काळोखात एका खोलीत एकट्याने बसायचं, समुद्रावरून ते धुकं येणार, ज्याला तुम्ही 'हार' म्हणता, मग माणूस उजेड आणि माणसं असतील तिकडेच जाणार. मला कळतं रे. सेंट निकोलस लेनमधल्या त्या प्रिन्स ऑफ वेल्सचा लांबच लांब लाकडी बार तू फोन फिरवून दाखवला होतास, 1850 पासूनचा पब आहे म्हणाला होतास. जागा चांगली आहे. म्हातारी माणसं आहेत, कोणी कुत्रा घेऊन बसलंय, कोणी पेपर वाचतंय.

पण बाळू, पारावर कोणी काही विकत नाही.

बघ, लिहिलंच.

अण्णाही गप्पांसाठीच बसायचा. आधी हळदीला. आपल्याकडच्या हळदी तुला काय सांगायच्या, लग्नापेक्षा हळदीचा खर्च मोठा. मग हळद नसली तरी. मग माडीवाल्याकडे, संध्याकाळी, 'जरा बसून येतो' म्हणत. त्याच्याइतका गोड बोलणारा माणूस आमच्या घरात दुसरा नव्हता, तुझ्यात ते त्याच्याकडूनच आलं आहे. म्हणून तर मला भीती वाटते. आईने त्याची वाट बघत किती रात्री ओटीवर काढल्या ते मी पाहिलं आहे. नाही, हे पुरे.

तुझ्या त्या आजोबांची गोष्ट मात्र मला राहून राहून आठवते. बारवर तुझ्या शेजारी बसणारे, मासळीबाजारात आयुष्य काढलेले. शाळेत बाईंना 'व्हॉट'च्या ऐवजी घरच्या बोलीतलं 'फिट' म्हणाले म्हणून हातावर चामड्याचा पट्टा खाल्लेले. तू मला उत्साहाने सगळं शिकवत होतास: 'व्हॉट'चं फिट, 'व्हेअर'चं फार, 'हू'चं फा, 'हाऊ'चं फू. मुलगा तो लून, मुलगी ती क्वाइन. 'फिट लाइक?' म्हणजे कसं काय. आणि ते कबुतरांचं, 'फूज यर डूज?' तुझी कबुतरं कशी आहेत, त्यावर 'आय पेकिन', टिपताहेत दाणे. तू हसत होतास, मीही हसले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले, ते तुला माहीत नाही.

कारण ती पट्टा मारणारी बाई मी आहे. पट्टा नाही, पण लाल पेन होतंच. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 'गारी'ला गोल केला आणि वर 'गाडी' लिहिलं. पानी, डोला, मना, सगळ्यांना गोल. आगऱ्यांची, कोळ्यांची पोरं. घरी जे बोलतात तेच वहीत लिहायची. वाटायचं, पुढे पनवेलच्या, मुंबईच्या शाळेत गेली की त्यांना कोणी हसू नये. मला हसले होते ना. डी.एड.ला वसतिगृहात मी 'मला नको'च्या ऐवजी 'मना नको' म्हणाले आणि सगळ्या मुली महिनाभर मला 'मना' म्हणून हाक मारत होत्या. मी स्वतःची भाषा तिथे सोडली ती कायमची, आणि मग दुसऱ्यांची सोडवत राहिले.

तुझीसुद्धा. आजी तुला 'बाला' म्हणायची. तूही तिच्याशी तिच्यासारखंच बोलायचास, अगदी सुरात. पहिलीत गेलास तेव्हा मी तिला सांगितलं, त्याला 'बाळा' म्हणा, त्याची भाषा बिघडते. तिने प्रयत्न केला. तिला 'ळ' म्हणताच येत नव्हता. मग ती तुला नुसतं 'ए पोरा' म्हणायला लागली. तू सहावीत असताना ती गेली, आणि तोवर तुम्ही दोघं फारसे बोलतच नव्हतात. हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. ते आजोबा भेटले नसते तर तुझ्याजवळही बोलले नसते.

आणि ते आजोबा तुला पबात भेटले. ग्रंथालयात नाहीत, वर्गात नाहीत. हे मी मान्य करते.

तू पाठवलेली ती बातमी मी दोनदा वाचली. 2025 साली स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून स्कॉट्स, म्हणजे त्या आजोबांची बोली जिच्यातली आहे ती भाषा, आणि गेलिक अशा दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला. आपल्या मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी शाळेच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता. गारी-पानीला मात्र दर्जा नाही. तिला निदान वहीत तरी जागा असायला हवी होती, आणि ती देणं माझ्या हातात होतं.

बाबांना तर फार आनंद झाला. तुला आठवत नसेल, पण चौदा दिवस मुंबई हायवर, समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर, आणि चौदा दिवस घरी, असं चालायचं तेव्हा एका वर्षी त्यांच्याबरोबर तुझ्या अबर्डीनचा एक फोरमन होता. तो रोज सकाळी 'फिट लाइक' म्हणायचा आणि बाबांना वाटायचं की हा तब्येतीबद्दल विचारतोय, फिट आहेस का. ते रोज 'यस सर, फिट' म्हणायचे. परवा तू सांगितल्यावर तीस वर्षांनी उलगडा झाला. घरभर सांगत फिरले.

हेझलहेड पार्कमधलं, जळालेल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटाचं स्मारक तू त्यांना दाखवलंस तेव्हा मात्र ते एकदम गप्प झाले. 6 जुलै 1988, 167 माणसं. पुढचे दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तू चार वर्षांचा होतास, 2005 ची 27 जुलै. आदल्या दिवशीच्या पावसाने सगळं बुडालेलं, आणि दुपारनंतर कोणीतरी धावत आलं की हायवर आग लागली. बाबांची तेव्हा घरची पाळी होती. त्यांच्या ओळखीची माणसं तिकडे होती. ते धक्क्यावर गेले ते दुसऱ्या दिवशी परत आले. मी समुद्राची भीती सत्तावीस वर्षं सांभाळली. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी ती संपायला हवी होती. ती आता तुझ्या ग्लासात येऊन बसली आहे, त्याला मी काय करू?

युनियन स्ट्रीटवरच्या त्या 'द ग्रिल' पबबद्दल तू सांगितलंस तेव्हा मी वेगळ्याच विचारात पडले. 1975 पर्यंत तिथे बायकांना आत घेत नसत. 1973 मध्ये समोरच्या म्युझिक हॉलमध्ये कामगार संघटनांची परिषद होती, तिथल्या बायका आत शिरल्या आणि हक्काने पेय मागायला लागल्या, तरी दिलं नाही. बायकांसाठी संडास तर 1998 साली झाला. तू त्या बायकांच्या बाजूने बोलत होतास. मीही त्यांच्याच बाजूची. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या परिषदेतल्या बायका आल्याच नाहीत. आल्या त्या शुक्रवारी पगाराच्या दिवशी घरी थांबलेल्या. त्यांना तर दाराशी जाऊन नवऱ्याला हाक मारायचीसुद्धा चोरी.

तुमच्या तिथल्या सरकारलाही काळजी वाटतेच ना? मी वाचलं. 1 मे 2018 पासून दारूच्या एका युनिटला, म्हणजे दहा मिलीलीटर शुद्ध अल्कोहोलला, किमान 50 पेन्स किंमत ठरवून दिली, त्याखाली विकायचंच नाही, आणि 2024 च्या सप्टेंबरअखेर ती 65 पेन्स केली. रात्री दहानंतर दुकानात बाटली मिळत नाही. आठवड्याला चौदा युनिटच्या वर जाऊ नये असं डॉक्टर सांगतात, आणि एका पाइंटमध्येच दोन-तीन युनिट जातात. म्हणजे रोज एक म्हटला तरी

पुन्हा बाई झाले. क्षमा कर. तू चोवीस वर्षांचा आहेस, समुद्राच्या तळाच्या पाइपलाइनींचा अभ्यास करतोस, जे मला नीट उच्चारताही येत नाही. शेजाऱ्यांना सांगते तेव्हा माझा ऊर भरून येतो. बोर्डाच्या वेळी रात्रभर तुझ्याबरोबर जागणारी मी, आता तुला युनिट मोजायला शिकवते आहे.

जेवणाचं लिहिते. त्यावर तरी आपलं भांडण नाही.

रोवी रोज खाऊ नकोस. चहाबरोबर लागते छान, आपल्या खारीसारखी, पण ती चरबी आणि मीठ आहे. बोटीवर जाणाऱ्यांसाठी केली, आठ-आठ दिवस टिकावी म्हणून, असं सांगतात ना? आपल्या लोकांचंही तसंच, जे टिकेल ते बोटीवर. ते स्टोव्हीज मला आवडतील असं वाटतं, बटाटा, कांदा आणि उरलेलं मटण, कुठल्याही गरिबाच्या घरी हेच शिजणार. कलन स्किंक, ते माशाचं सूप, तू केलंस त्याचा फोटो बाबांनी सगळ्यांना पाठवला. दुधात मासा मला मनातून पटत नाही, खरं सांगते. पण धुरावलेला हॅडॉक, बटाटा, कांदा, त्यात जरा मिरी जास्त घालून बघ. तो फिंडन गावचा धुरी दिलेला मासा घरात आणला की घरमालकीण नाक मुरडत नाही, उलट वास आला म्हणून आनंदाने डोकावते, हे तू सांगितलंस ना, ते मला दोन दिवस पुरलं. मी वसतिगृहात सुकट नेली होती. पुन्हा कधी नेली नाही.

फिट्टीची ती कोळ्यांची घरं, समुद्राकडे पाठ करून बांधलेली, त्यांचा मोठा फोटो पाठव. मला ते फार पटलं. दिवसभर ज्याने समुद्र बघितला त्याला रात्री तो दारात कशाला हवा?

पाटलांच्या सुनेबरोबर मसाला दिला आहे, एक किलो, तिखट आहे, अर्धाच चमचा घाल. तांदळाचं पीठ दोन किलो. वालाची पोपटी यंदा तुझ्याविना लावली नाही, बाबा नको म्हणाले. कानटोपी आजीच्या शालीची शिवली आहे, हसू नकोस, घाल.

त्या आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांना विचार, शाळेतल्या त्या बाईंचा त्यांना अजून राग आहे का. आणि त्यांना एकदा तुझ्या खोलीवर घेऊन ये, फ्लाय कप प्यायला. चहालाच म्हणतात ना ते? मग सुखा जवळा कर, त्यांना आवडेल.

रविवारी मी फोन करीन. कुठेही असलास तरी उचल. मागे आवाज असला तरी चालेल. मी त्या नावाचा उच्चार करणार नाही.

जेवलास का रं, बाला?

तुझी,
आई

ता.क. बाबांनी शोधून सांगितलं, अर्ध्या पाइंटचे 284 मिलीलीटर होतात. तू रविवारी म्हणालास, अर्धाच घेऊन दोन तास बसतो. दोन तासांत तो एकच असतो ना?