चिन्याच्या गळ्याची गाठ

प्रिय सच्या,

चार दिवस फोन उचलला नाही म्हणून चिडू नको बे, आईसमोर हे बोलता येत नाही, ती लगेच रडायला लागते. चिन्याचं ऑपरेशन झालं गुरुवारी. सात वर्षाच्या पोराच्या गळ्याला तिसऱ्यांदा सुरी लागली.

तुला माहितीय ना, गळ्याच्या मधोमध बोराएवढी गाठ होती. गड्ड्याच्या यात्रेनंतर सर्दी झाली तशी ती लालबुंद सुजली, तर पहिल्यांदा चीर देऊन नुसता पू काढला, मग दुसऱ्या एकाने गाठ तेवढी काढली आणि म्हणला झालं, आता विसरून जा. चार महिन्यात त्याच जागेला बारीक भोक, त्यातून चिकट पाणी, शर्टाची कॉलर कायम ओली. सोलापूरच्या मे महिन्यात पोरगं गळ्याला रुमाल बांधून फिरायचं, पोरं चिडवतात म्हणून.

ह्या नवीन डॉक्टरांनी पहिलं काय केलं तर म्हणले जीभ बाहेर काढ. आणि ते भोक वर ओढलं गेलं की रे! दीड वर्षात हे कुणी करून बघितलंच नव्हतं. आईच्या पोटात असताना थायरॉईड जिभेच्या मुळापाशी तयार होतं आणि तिथून खाली गळ्यात उतरतं, नंतर ती वाट बुजते, ह्याची बुजलीच नाही. ती वाट हायॉइड नावाच्या हाडाला चिकटून जाते, म्हणून त्या हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतची सगळी वाट काढायची, सिस्ट्रंक नावाच्या अमेरिकन सर्जनची पद्धत, १९२० सालची! शंभर वर्षं झाली बे. नुसती गाठ काढली तर निम्म्या जणांना परत होते, अशी काढली तर शंभरात चार-पाच. आपली आधीच दोनदा चिरलेली, त्यामुळे धोका जरा जास्त, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधी सोनोग्राफी केली, थायरॉईड जागेवर आहे ना बघायला, कारण एखाद्याचं सगळं थायरॉईड त्या गाठीतच असतं म्हणे, मग गाठीबरोबर तेच जायचं.

शेजारच्या कॉटवर अक्कलकोटची एक पोरगी होती, तिला असंच भोक, पण जन्मापासूनचं आणि मानेच्या बाजूला. तिची वाट दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या, एक मेंदूकडं जाणारी आणि एक चेहऱ्याकडं, त्यांच्या मधून टॉन्सिलपर्यंत. तिच्या बापाचं तोंड बघवत नव्हतं.

काल नळी काढली. मऊ खा म्हणलेत, हा कडक भाकरी मागतोय. आणि कोण बघायला आलं की जीभ बाहेर काढतो आणि म्हणतो, बघा, काय सरकतंय का?

तुझा,
पम्या