आप्पा, हे पत्र आईला वाचून दाखवा

ती. आई आणि आप्पा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. फोन आप्पांच्या हातात, स्पीकर चालू, ओट्यावर दोन-चार माणसं बसलेली, आणि आई आतूनच ओरडते, "मी बरी शे!" म्हणून लिहितेय. आप्पा, दार लोटून घ्या आणि आईला शेवटपर्यंत वाचून दाखवा.

यंदा आखाजीला आईनं घागर मला भरायला लावली. म्हणाली, गुडघे धरलेत, तू भर. मी भरली, वर डांगर ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. आई देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून काय कसं ठेवायचं ते सांगत होती. पण त्याच गुडघ्यांनी ती पहाटेपासून पुरणाला बसली होती. दुसऱ्या दिवशी न्हाणीमागे तारेवर तिच्या लुगड्याखाली जुन्या धोतराचा एक तुकडा वाळत घातलेला दिसला. स्वच्छ धुतलेला, पण मधोमध तांबूस डाग राहिलेला. तेव्हा मला उंबरा कळला.

आईची पाळी जाऊन सहा वर्षं झालीत. मी खोदून विचारलं तेव्हा कुठं बोलली. महाशिवरात्रीपासून तीनदा अंगावरून लाल गेलं. मेडिकलवरून रक्त थांबवायच्या गोळ्या आणून खाल्ल्या, धने-जिऱ्याचं पाणी घेतलं. आप्पांना सांगितलं नाही, कारण "माणसांना काय सांगायचं ते". आणि शेवटी, "गरमी शे ती, माले काही नई व्हयनं."

आई, गरमी आपल्याकडे दरवर्षीच पडते. गरमीनं गेलेली पाळी परत येत नाही. मी पुण्यात बायकांच्या वॉर्डात नोकरी करते, म्हणून हे ठामपणे लिहितेय: पाळी थांबून एक वर्ष उलटल्यावर अंगावरून थेंबभर जरी लाल गेलं, नुसता गुलाबी डाग जरी पडला, तरी तपासायचंच. दुखत नाही म्हणून सोडायचं नाही. गोळीनं रक्त थांबलं तरी ते कशानं आलं हे तसंच राहतं.

घाबरवायला सांगत नाही. अशा शंभर बायका तपासल्या तर साधारण नव्वद जणींना कॅन्सर नसतो. वयानं आतली कातडी पातळ आणि कोरडी होते, कधी पिशवीत छोटा कोंब असतो, कधी पिशवीचं अस्तर जाड झालेलं असतं. याला सगळ्याला उपाय आहे. पण उरलेल्या दहा जणींत आपण नाही, हे घरी बसून कळत नाही. पिशवीच्या कॅन्सरचं एक बरं असतं, तो बहुतेक वेळा आधी रक्त दाखवून सांगतो, आणि तेव्हाच गेलं तर बहुतेक बायका बऱ्या होतात. आईला शुगर आहे, बीपी आहे, अंगानंही भारी आहे. या तिन्हींनी धोका वाढतो, म्हणून मला दम धरवत नाही.

आता आईच्या मनातली खरी भीती. तिनं मला रात्री गच्चीवर सांगितली: "दवाखान्यात गेली की पिशवीच काढतात." आई, ही भीती खोटी नाही. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. म्हणून सांगते, तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय कुणी ऑपरेशन म्हटलं तर सही करायची नाही. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. पण त्या भीतीपोटी तपासणीच टाळणं मला मान्य नाही.

तपासणीत काय होतं? आधी बाई डॉक्टर खालून बघतील, रक्त नक्की कुठून येतंय ते. कधी कधी ते लघवीच्या वाटेचं असतं, कधी मूळव्याधीचं. तेव्हाच गर्भाशयाच्या तोंडाचा पुसून नमुना घेतात. मग खालून सोनोग्राफी, पाच-दहा मिनिटांची. अस्तर 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलं तर बहुधा काळजी नसते. जास्त भरलं तर बारीक नळीनं आतला तुकडा काढून तपासायला पाठवतात. पाळीत कळ येते तशी कळ येते, थोडा वेळच. आणि एकदा सगळं नीट निघालं, तरी पुन्हा लाल दिसलं तर पुन्हा जायचं.

तोवर कापडाऐवजी मी ठेवून आलेले पॅड वापर. किती भिजतात ते मोजता येतं. आप्पा, दिसेल त्या दिवशी कालनिर्णयवर पेनानं खूण करा. आईची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

एक मात्र पाठ करून ठेवा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला आणि पुढच्या तासातही तसंच झालं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, धाप लागली, छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा. तिला आडवं करा, मोरीत एकटीला जाऊ देऊ नका, मोटारसायकलवर बसवू नका.

वहिनीलाही हे वाचू द्या. तिची पाळी आठ-आठ दिवस चालते आणि ती जिना चढताना थांबते, हे मी पाहिलंय. तिचं हिमोग्लोबिन याच आठवड्यात करा. पाळी चुकून मग लाल जायला लागलं आणि एका बाजूनं पोट दुखलं, तर तिनं त्याच तासाला निघायचं.

मी रविवारी रात्री निघतेय. सोमवारी सकाळी तुम्ही दोघं अमळनेरहून गाडीनं जळगावला या, मी स्टेशनवर असेन. तिथून मेडिकल कॉलेजला जाऊ. शुगरची फाईल, सगळ्या गोळ्या, आणि त्या मेडिकलच्या गोळ्यांची रिकामी पट्टी आणा. आईनं ती तांदळाच्या डब्यामागे ठेवलीय.

आप्पा, "बायकांचं आहे, तुम्हीच जा" म्हणू नका. आत मी आईजवळ थांबेन, तुम्ही बाहेर बाकावर बसा. ती बाहेर आली की पहिल्यांदा तुम्हालाच शोधेल.

तुमची,
ताई