टॉपरांच्या फ्लेक्सवर १४४१६ छापा

महोदय,
लातुरात क्लासच्या पोरांना मी डबे पुरवते. गेल्या वर्षी एक पोरगा, वरणात कुणीतरी औषध कालवतंय म्हणून डबा परत पाठवू लागला. मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी, रात्रभर एकट्यानं बोलणं. होस्टेलवाले म्हणाले, नीटचं टेन्शन. घरच्यांनी देवऋषी गाठला. दिवाळी तिथंच गेली. सायकोसिस, म्हणजे असे भास नि संशय खरेच वाटायला लावणारा मानसिक आजार, बहुधा ऐन तरुणपणीच सुरू होतो, आणि उपचार जितके लवकर तितकं पोरगं सावरायची शक्यता जास्त. गोळ्या सुरू झाल्यावर तो आता गावाकडं बीएस्सी करतोय (झोप फार येते, ही त्याची तक्रार खरीच). क्लासवाले चौकाचौकात टॉपरांचे फ्लेक्स लावतात. त्यावरच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक छापायला काय हरकत आहे?

– एक डबेवाल्या मावशी, लातूर