न्यायाधीश मतपेटीतून नकोत. पण दावा अर्धवट टाकून त्यांची बदलीही नको

महोदय,

जिल्हा न्यायालयाच्या आवारात पुढची तारीख घेऊन बाहेर पडलेले पक्षकार वैतागून म्हणतात, ‘अमेरिकेत न्यायाधीशही लोकच निवडून देतात, मग आपल्याकडे का नाही?’ नाशिकमध्ये आयुष्यभर दिवाणी वकिली केल्यामुळे या चिडीचे कारण मला पुरते ठाऊक आहे. उपाय मात्र पटत नाही.

टेक्सास राज्याचे उदाहरण घेऊ. तेथील जिल्हा न्यायाधीश 4 वर्षांसाठी आणि तेही पक्षाच्या नावावर निवडून येतो. बहुधा त्याने आधी सरकारी वकील म्हणून किंवा खासगी वकिलीत काही वर्षे काढलेली असतात. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर नेमणूक करतो आणि नेमलेल्या व्यक्तीला पद टिकवायचे असेल तर पुढच्या निवडणुकीत मतदारांपुढे जावे लागते. 2021 मध्ये तेथे घटनादुरुस्ती करून अनुभवाची अट 4 वरून 8 वर्षांवर नेण्यात आली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु 2018 मध्ये ह्यूस्टन शहर ज्यात येते त्या हॅरिस काउंटीतील रिपब्लिकन न्यायाधीश जवळजवळ झाडून पराभूत झाले, कारण तेव्हा एकच खूण करून एका पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देता येत असे. त्यांतील कोणाची निकालपत्रे चोख होती, हे किती मतदारांनी पाहिले असेल? शिवाय प्रचाराच्या वर्गणीचा मोठा वाटा वकीलच उचलतात. उद्या विरुद्ध बाजूच्या वकिलाने साहेबांच्या प्रचाराला पैसे दिले आहेत असे कळले, तर मी माझ्या अशिलाला कोणत्या तोंडाने धीर देणार? पेनसिल्वेनियातील न्यायाधीशांविषयी 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर निवडणूक जवळ येईल तशा शिक्षा कडक होत गेल्याचे आढळले होते.

न्यायाधीशावर दुसऱ्याची मर्जी सांभाळण्याची वेळ आली की काय होते, हे नाशिककरांना परक्या देशाकडून शिकण्याची गरज नाही. निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्याच्या सार्वजनिक जीवनात पुढाकार घेतात म्हणून इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपत होते. 1878 मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला बदली झाली. आज राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 नुसार कनिष्ठ न्यायालयांवर सरकारचे नव्हे, तर उच्च न्यायालयाचे नियंत्रण आहे. ते काढून न्यायाधीशाच्या मानेवर मतदाराला बसवणे म्हणजे केवळ धनी बदलणे होय.

तरीही टेक्सासच्या न्यायाधीशाची एक गोष्ट मला हवीशी वाटते. तो निवडून आला की मुदतभर त्याच न्यायालयात बसतो. आपल्याकडे साधारण तीन वर्षांनी बदली होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर न्यायालय उघडते तेव्हा व्यासपीठावर नवाच चेहरा दिसतो. मी चालवलेल्या वाटपाच्या एका दाव्यात साक्षी एका न्यायाधीशांनी नोंदवल्या, युक्तिवाद दुसऱ्यांनी ऐकला आणि निकाल तिसऱ्यांनी दिला. त्यासाठी सगळा युक्तिवाद मला पुन्हा करावा लागला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 15 प्रमाणे नव्या न्यायाधीशाला आधीच्या टप्प्यापासून काम पुढे नेता येते, हे खरे. पण उलटतपासणीत साक्षीदार कोठे अडखळला, कोठे त्याने वकिलाकडे पाहिले, हे टंकलिखित जबानीत उतरत नाही. माझे अशील तोवर ऐंशीच्या घरात पोहोचले होते आणि त्यांना तिन्ही साहेबांची नावेही धड आठवत नव्हती.

स्थानिक हितसंबंध तयार होऊ नयेत म्हणून बदल्या हव्यात, याबद्दल वाद नाही. मात्र बदलीचे आदेश निघण्यापूर्वी प्रत्येक न्यायालयाकडून अर्धवट ऐकलेल्या जुन्या दाव्यांची यादी मागवावी आणि ज्यांत साक्षीपुरावा संपत आला आहे, तेवढ्यांसाठी संबंधित न्यायाधीशांना दोन-तीन महिने जागेवर ठेवावे, अशी लेखी विनंती आपल्या वकील संघाने उच्च न्यायालयाकडे येत्या बदल्यांच्या आधीच करावी.

आपला,
एक निवृत्त वकील, पंचवटी, नाशिक