साडी पोचली, फोटो आला, पैसे मात्र अडकलेलेच: ऑनलाइन विक्री कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विक्रेता देयके विभाग

प्रत: नोडल अधिकारी, पेमेंट विभाग

विषय: ग्राहकाला मिळालेल्या मालाची रक्कम ‘डिलिव्हरी प्रलंबित’ या शेऱ्याखाली अडवून ठेवल्याबाबत

महोदय/महोदया,

मी नागपूरहून तुमच्या संकेतस्थळावर करवती काठाच्या (करवतीच्या दात्यांसारखी नक्षी विणलेल्या) कोसा म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विकते. साड्या गोळीबार चौक आणि तांडापेठेकडच्या हातमागांवर विणल्या जातात, घडी आणि पॅकिंग माझ्या घरी होते आणि पार्सल तुमच्याच कुरिअरचा मुलगा येऊन नेतो. दुसरे कुरिअर वापरण्याची मुभा तुम्ही मला दिलेली नाही. हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी तक्रार त्यावरच उभी आहे.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका बाईंनी हळदी रंगाची साडी घेतली. किंमत ९,५०० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ४७५, एकूण ९,९७५. ऑर्डर देतानाच त्यांनी पूर्ण रक्कम यूपीआयने भरली, म्हणजे पैसे त्याच दिवशी तुमच्याकडे आले. साडी त्यांना भाऊबीजेच्या आत मिळाली. हे मी अंदाजाने म्हणत नाही. ती नेसून, ओवाळणीचे ताट हातात घेऊन काढलेला फोटो त्यांनी तुमच्याच पानावर टाकला आहे. पाच तारे दिले आहेत, ‘काठ फारच सुरेख’ असे लिहिले आहे आणि त्याखाली ‘खात्रीशीर खरेदी’ असा हिरवा शिक्का तुम्हीच मारला आहे.

आता त्याच ऑर्डरचे ट्रॅकिंग उघडून बघा. तिथे आजही लिहिले आहे: ‘डिलिव्हरीसाठी निघाले’.

तुमच्या नियमाप्रमाणे डिलिव्हरी झाली की सात दिवसांची परतीची मुदत सुरू होते आणि ती संपली की रक्कम माझ्या खात्यात जमा होते. कुरिअरच्या माणसाने पार्सल दारात दिले, पण मोबाइलवर नोंद केली नाही. नोंद नाही म्हणून डिलिव्हरी नाही. डिलिव्हरी नाही म्हणून मुदत सुरूच झाली नाही. आणि जी मुदत सुरूच झाली नाही ती संपणार तरी कधी? मार्गशीर्ष लागला, साडीची बहुतेक एक धुलाईही झाली असेल, पण तुमच्या हिशेबात ती अजून पुण्याच्या रस्त्यांवर फिरते आहे.

मदत विभागाला फोटोसकट कळवले. उत्तर आले, ‘तुमचे पार्सल मार्गावर आहे, कृपया धीर धरा.’ पुन्हा लिहिले तर तेच वाक्य शब्दशः परत आले आणि तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद करण्यात आली.

पैसे राखून ठेवण्याला माझा विरोध नाही. साडीच्या डब्यात चिंध्या भरून पाठवणारे विक्रेतेही असतात. ग्राहकाला माल बघायला आणि न पटल्यास परत करायला वेळ मिळाला पाहिजे. तो नियम वाचूनच मी तुमच्याकडे नोंदणी केली. माझी हरकत आहे ती घड्याळाला. मुदत मोजणारे घड्याळ तुमच्या कुरिअरच्या हातात, पैसे तुमच्या खात्यात आणि घड्याळ बंद पडले तर भुर्दंड माझ्या डोक्यावर, हे मला मान्य नाही.

सरकारदरबारी मात्र तुमचे घड्याळ चोख चालते. याच साडीच्या विक्रीवरचा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याच्या रकमेतून आधीच कापायचा कर, तुम्ही कापला आणि जीएसटीआर-८ या तुमच्या विवरणपत्रात भरलासुद्धा. ९,५०० वर अर्धा टक्का म्हणजे ४७ रुपये ५० पैसे. व्यवहार महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असल्याने केंद्राचे २३.७५ आणि राज्याचे २३.७५ असे ते माझ्या जीएसटी पोर्टलवर दिसत आहेत. म्हणजे ही विक्री झाली, हे तुम्ही सरकारला कळवून मोकळे झालात. माझेही तसेच. तुमच्याकडून एक रुपयाही आला नसताना मला २० तारखेला जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरून या विक्रीवरचा कर, इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला कर) वजा जाता, खिशातून द्यावा लागला. जाहिरातीचे पैसेही तुम्ही क्लिक होताक्षणी कापता, तिथे सात दिवस थांबत नाही.

रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे ग्राहकांचे पैसे गोळा करून विक्रेत्यांना पोचवणाऱ्यांसाठी, १७ मार्च २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचना मी वाचल्या आहेत. परतीची मुदत संपेपर्यंत रक्कम ठेवण्याचा करार असेल, तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती विक्रेत्याला दिली पाहिजे, असे त्यांत स्पष्ट होते. तोवर ती एस्क्रो खात्यात, म्हणजे बँकेतल्या वेगळ्या राखीव खात्यात, ठेवायची होती आणि त्या खात्यात कायम राहणाऱ्या शिलकीच्या ठरावीक हिश्श्यावर व्याज मिळवण्याची सोयही ॲग्रिगेटरला दिलेली होती. माझी साडी कागदावर जितकी रेंगाळते तितकी ती शिल्लक फुगते. तुम्ही हे मुद्दाम करता असा माझा आरोप नाही. पण उशीर झाला की तुमचे काहीच बिघडत नाही, हे तुम्हीही नाकारू नये.

माझे बिघडते. कोसा-सुताचा व्यापारी पंधरा दिवसांच्या उधारीवर माल देतो. मागवाल्याला मजुरी साडी मागावरून उतरली की त्याच दिवशी द्यावी लागते, कारण त्याचे घर त्यावरच चालते. करवतीचे काम तीन धोट्यांचे (आडवे सूत नेणाऱ्या नळ्यांचे) असते. दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक धोटा, आणि दर फेऱ्याला काठ व अंग एकमेकांत अडकवत पुढे जायचे. अशा एका साडीला आठवडा सहज जातो. दिवाळीनंतर मी पुढच्या साडीचा ताणा लावायला थांबा म्हटले, तेव्हा मागवाल्याने विचारले, “साडी त गेली म्हनता बाई, मंग पैसा काहून नाही आला जी?” त्याला तुमच्या कुरिअरचे स्कॅन मी कसे समजावून सांगू? इतवारीतला व्यापारी उधारी मागतो तेव्हा निदान चिठ्ठीवर तारीख लिहून देतो. तुमच्या पानावर माझ्या पैशांसमोर तारखेच्या जागी नुसती एक आडवी रेघ आहे.

दुसरी बाब. एका वेगळ्या ऑर्डरची साडी ‘आवडली नाही’ म्हणून परत आली. डबा माझाच होता, आतली साडी माझी नव्हती. आलेल्या साडीचा काठ छापील आहे. उलट बाजूने पाहिले तर करवतीचे दाते फिकट दिसतात. हातमागाच्या करवतीचे दाते सुलट-उलट दोन्हीकडून सारखेच ठसठशीत दिसतात आणि काठ जिथे अंगाला भेटतो तिथली गुंफण बोटाला जाणवते. सुलट आणि उलट दोन्ही बाजूंचे फोटो मी पाठवले. तुमच्या दावा विभागाने डब्यावरच्या लेबलचा फोटो मागितला. तोही दिला. त्यानंतर दावा ‘तपासाधीन’ झाला आणि त्याबरोबर माझी सगळी शिल्लक, म्हणजे ज्या साड्यांची मुदत केव्हाच संपली आहे त्यांचेही पैसे, ‘राखीव’ खात्यात गेले. वाद एका साडीचा असताना बाकीच्या ऑर्डरींचे पैसे कोणत्या कलमाखाली थांबवले, हे मला लेखी हवे आहे. करारात मला असे कलम सापडले नाही. तुमच्याशी भांडायचे तर दुसऱ्या राज्यात येऊन भांडावे लागेल, हे कलम मात्र लगेच सापडले.

तेव्हा पुण्याच्या ऑर्डरची रक्कम तुमचे कमिशन कापून ताबडतोब जमा करावी आणि परतीची मुदत ग्राहकाने फोटो टाकला त्या दिवसापासून मोजून नंतरच्या दिवसांचे व्याज द्यावे. वादातल्या साडीइतकीच रक्कम राखून बाकीची शिल्लक मोकळी करावी. यापुढे कुरिअरची नोंद राहून गेली तर ग्राहकाचा अभिप्राय, ओटीपी किंवा ग्राहकाला एक फोन, यांपैकी काहीही पुरावा म्हणून धरावे. आणि पुरावा काहीच नसला, तरी तुम्ही स्वतः ग्राहकाला डिलिव्हरीची जी तारीख दाखवली होती, त्या तारखेपासून मुदत मोजावी. तारीख तुमची आहे, कुरिअरही तुमचे आहे. प्रत्येक ऑर्डरपुढे पैसे कोणत्या तारखेला मिळतील ते दिसले पाहिजे, म्हणजे मलाही सूतवाल्याला आणि मागवाल्याला खरी तारीख सांगता येईल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर वकिलामार्फत नोटीस पाठवीन. तोपर्यंत नवीन साड्या तुमच्या संकेतस्थळावर टाकणे मी बंद केले आहे. अभिप्रायाच्या पानाची, ट्रॅकिंगची, टीसीएसच्या नोंदीची आणि परत आलेल्या साडीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. माझे बँक खाते, पॅन आणि जीएसटी क्रमांक तुमच्याकडे पडताळून झालेले आहेत. उत्तरादाखल ते पुन्हा मागू नयेत.

कळावे,
आपली विक्रेती आणि दरमहा कमिशन भरणारी ग्राहक,
नागपूर