मायनर विषय कागदावर नको, वर्गात हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी चोपडा तालुक्यात केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय वनस्पतिशास्त्र. तिला मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय म्हणून अकाउंट्स घ्यायचे होते. २०२३ च्या शासन निर्णयानुसार मायनर दुसऱ्या विद्याशाखेतूनही घेता येतो. कॉलेजात उत्तर मिळाले, ‘घेता येतो, पण कॉमर्सचे तास आणि तुमचे प्रॅक्टिकल एकाच वेळी आहे.’ शेवटी तिला रसायनशास्त्र घ्यावे लागले. विषय वाईट नाही. तिने मागितलेला नाही, एवढेच. ओपन इलेक्टिव्हचेही, म्हणजे आवडीने निवडायच्या विषयाचेही, तसेच. ज्या सरांचे तास कमी भरतात, त्यांचा विषय सगळ्या वर्गाची ‘आवड’ होतो.

वनस्पतिशास्त्राला अकाउंट्स कशाला, असे नातेवाईक विचारतात. त्यांनी एकदा केळी मोजतात त्या आमच्या काट्यावर येऊन बसावे. केळीचा घड हिरवा कापला जातो, पिकतो तो दिल्लीकडच्या रायपनिंग चेंबरमध्ये, इथिलीन वायूवर. वाटेत गाडीतले तापमान १३ अंशांच्या खाली गेले की साल काळी पडते, आणि त्या काळ्या सालीचा वाद माझ्या वहीत कपात म्हणून येतो. बोर्डावर जाहीर केलेला एक भाव आणि पावतीवर दुसरा, हे तर शेतकऱ्याला रोजचेच. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने बाग उपटावी लागली की पंचनामा, आणि थंडीने निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, अडकली की फळपीक विमा. हा विमा झाडाकडे पाहून मिळत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर मिळतो. सलग किती दिवस किमान तापमान ठरलेल्या आकड्याखाली होते, एवढेच तिथे पाहतात. म्हणजे एका घडामागे वनस्पतिशास्त्र आहे, हवामान आहे, संख्याशास्त्र आहे, करार आहे आणि हिशेब आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले. पण हे सगळे एका डोक्यात असलेला पदवीधर शोधायला गेलात तर सापडणार नाही.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची सरकारी कॉलेजे असतात. इलिनॉयमधल्या जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले त्यातले सर्वांत जुने. साधारण ६० क्रेडिट्सवर, म्हणजे अभ्यासाच्या श्रेयांकांवर, असोसिएट पदवी मिळते, फी विद्यापीठापेक्षा पुष्कळ कमी, आणि नोकरी करणारी, पोरेबाळे असलेली माणसेही तिथे शिकतात. यातल्या काही कॉलेजांत विद्यार्थी आपली पदवी आपणच आखतो. पण ‘आखतो’ म्हणजे हवे ते ताटात वाढून घेतो असे नव्हे. हे विषय एकत्र का, पुढे त्याचे काय करणार, हे लिहून द्यावे लागते. नेमलेला सल्लागार त्याच्यासोबत बसून आराखडा तपासतो. भाषा, गणित यांसारखे सक्तीचे विषय सुटत नाहीत. अडचण तिथेही आहेच. पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात गेल्यावर सगळी क्रेडिट्स मान्य होतीलच असे नाही. म्हणून तर सल्लागार लागतो.

आपल्याकडेही यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती, पण तिचा भर छोट्या कौशल्य अभ्यासक्रमांवर राहिला. आता मिळवलेली क्रेडिट्स जमा ठेवणारी क्रेडिट बँक आहे, केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ संकेतस्थळावरचे ऑनलाइन विषय आहेत. तिजोरी तयार आहे. तिच्यात काय ठेवायचे ते सांगणारे माणूस मात्र कॉलेजात नाही. मुलीने विचारले तर क्लार्ककडे पाठवतात, क्लार्क लिंक पाठवतो.

खेड्यापाड्यांतल्या कॉलेजांना हे झेपणार नाही, असे मला एका प्राध्यापकांनी सांगितले. अमळनेर आमच्याकडून एसटीने तासाभराचे. तिथे १९१६ मध्ये प्रताप शेटजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढले. ते गिरणीमालक होते आणि त्यांना तत्त्वज्ञानाची संस्था काढावीशी वाटली! आजची एखादी समिती असती, तर ‘ही तुमची विद्याशाखा नव्हे’ म्हणून तिने त्यांना नक्कीच नामंजूर केले असते.

चोपडा, अमळनेर, धरणगाव इथल्या कॉलेजांनी आपसात ठरवून शनिवार मोकळा ठेवला, तर एका गावाचा कॉमर्सचा मायनर दुसऱ्या गावाच्या सायन्सच्या मुलांना मिळेल. एसटीचा पास तसाही काढलेला असतो. विद्यापीठाने फक्त ती क्रेडिट्स विनातक्रार जमा करून घ्यावीत. आणि प्रत्येक कॉलेजात एक प्राध्यापक असा हवा, ज्याचा वर्कलोड या सल्ल्यासाठी अधिकृतपणे कमी केलेला असेल. त्याने मुलांना स्वप्नांबरोबर अटीही सांगाव्यात. एमपीएससीच्या राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, पण बीएड करून शिक्षक व्हायचे तर पदवीचा विषय आडवा येतो. कृषी खात्याच्या पदांना तर शेतीचेच शिक्षण लागते. हे तिसऱ्या वर्षाला कळून उपयोग नाही.

माझ्या मुलीची वेळ आता गेली. ती अकाउंट्स माझ्याकडूनच शिकते आहे, त्याचे क्रेडिट कोणी देणार नाही. पण जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील. कोणते मायनर आणि कोणती ओपन इलेक्टिव्ह यंदा खरोखर शिकवली जाणार, ती यादी वेळापत्रकासह कॉलेजांनी फी भरून घेण्याआधी नोटीस बोर्डावर लावावी. याला ना नवे धोरण लागते, ना निधी.

आपला,
केळीच्या हिशेबातला एक पालक, ता. चोपडा, जि. जळगाव