मानपत्र तर छापा!

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

दर प्रजासत्ताक दिनाला शौर्यपदकांची यादी येते. नाव, हुद्दा, पदक, जमल्यास फोटो. पण त्या जवानाने नेमके केले काय, हे वाचायला मिळत नाही. वर्गातल्या मुलांनी मला हेच विचारले होते, तेव्हा मी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे मानपत्र, म्हणजे पदकामागच्या पराक्रमाचे अधिकृत वर्णन, शोधून वाचून दाखवले.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे. काश्मीरचे युद्ध चालू होते. एप्रिल १९४८ मध्ये आपले रणगाडे जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीकडे निघाले होते आणि शत्रूने रस्ता जागोजागी अडवून ठेवला होता. ८ तारखेला भूसुरुंग काढायला सुरुवात करणार तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राणे यांची दोन माणसे ठार झाली. पाच जखमी झाली, त्यात ते स्वतःही होते. तरी रात्री दहापर्यंत ते मशीनगनच्या माऱ्यात रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करत राहिले. पुढच्या दिवशी चीडाची आडवी पाडलेली झाडे सुरुंग लावून उडवली. एक मोरी फुटलेली होती, तिला वळसा काढून दिला. संध्याकाळी पुन्हा पाच मोठी झाडे आडवी आली. भोवती सुरुंग पेरलेले, वरून गोळीबार. दहा तारखेला पहाटे पावणेपाचला काम परत सुरू केले आणि साडेसहापर्यंत तो अडसर दूर केला. त्या दिवशी रणगाडे वाटेतल्या चिंगसला पोहोचले, तरी हा माणूस अन्न-विश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत मागचा रस्ता मोकळा करतच होता. १२ तारखेला राजौरी आपल्या ताब्यात आली.

'पहाटे पावणेपाचला' हे शब्द ऐकले आणि वर्ग एकदम शांत झाला. 'अतुलनीय शौर्य' या शब्दांनी तसे कधी झाले नव्हते.

राणे यांना परमवीर चक्र मिळाले. त्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी ते घ्यायला दोघेच हयात होते, त्यातले एक राणे. सैन्यात ते १९४० साली शिपाई म्हणून आले होते. १९९४ मध्ये पुण्यात वारले. इतकी वर्षे ते आपल्यात होते आणि आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते, याची मला खरोखर खंत वाटते.

तेव्हा विनंती अशी की, येत्या २६ जानेवारीला यादीबरोबर निदान एका मानपत्राचा पूर्ण मराठी अनुवाद छापावा, तारखा आणि वेळांसकट. जागा कमी पडली तर फोटो लहान करा. मी ते कात्रण शाळेच्या फलकावर लावीन.

– एक शिक्षक